वाळवंटातला सफारी कॅम्प: नामिबिया की नेहमीचं मसाई मारा?

गारवेल

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैत आफ्रिकेत प्राणी बघायला जायचं घरात ठरलंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि आई-बाबा. आई-बाबा दोघंही पासष्टीच्या पुढचे. आईचे गुडघे कुरकुरतात. बाबांचं काहीच कुरकुरत नाही, ते स्वतःच कुरकुरतात.

ज्याला विचारावं तो मसाई मारा म्हणतो. पण नवऱ्याच्या डोक्यात नामिबिया बसलंय. वाळवंटात तंबूत राहायचं, वाळवंटातले हत्ती बघायचे, मग एटोशाचं राष्ट्रीय उद्यान. माझी शंका साधी आहे: इतका पैसा घालून जायचं आणि वाळवंटात चार हरणं आणि दोन शहामृगं बघून परत यायचं का? वाळवंटात प्राणी असतात तरी किती? आणि आई-बाबांना तंबूत झोपवणं कितपत शहाणपणाचं?

कोणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणाने लिहा. टूर कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून झालीत, त्यात सगळ्यांना सगळं दिसतंच.

टवाळ_बोका

डेझर्ट सफारी म्हणजे दुबईच ना? लँडक्रूझर, पोटात ढवळणं, उंटावर फोटो, बेली डान्स, बार्बेक्यू. प्राणी एकच: उंट. तोही कंटाळलेला. बजेटमध्ये बसतं. (हलके घ्या)

सह्यभटक्या

बोका, सुधारणार नाहीस.

गारवेल, आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय म्हणून लिहितो. प्राण्यांची गर्दी हवी असेल तर डोळे मिटून मारा. जुलैअखेरपासून विल्डबीस्टचे कळप तिथे असतात, सिंह सकाळ-संध्याकाळ दिसतात, आणि एका चित्त्याभोवती वीस गाड्याही दिसतात. नामिबियात उलटं आहे. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं तीस लाखांच्या आसपास. तासन् तास गाडी चालवा, समोरून एखादी गाडी आली की दोघंही हात करतात. प्राणीही तसेच विरळ. पण जो दिसतो तो तिथे जगतोच कसा, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही, आणि माझ्या मते ती सहल त्या प्रश्नासाठी करायची.

लेक दहा वर्षांची आहे म्हणता. त्या वयात 'किती सिंह दिसले' हा हिशोब फार महत्त्वाचा असतो, तेवढं लक्षात घ्या.

वाकडीवाट

+१. पण 'नामिबियात प्राणी विरळ' हे एटोशाला लागू नाही हो. ऐन कोरड्या दिवसांत एटोशाच्या एखाद्या पाणवठ्यावर झेब्रे, स्प्रिंगबॉक, ओरिक्स, कुडू अशी हरणं, जिराफ सगळे एका वेळी उभे असतात. मोजायला बसलात तर हरवाल.

गारवेल

@वाकडीवाट, मग सरळ एटोशालाच जावं का? वाळवंटातला तो महागडा कॅम्प गाळून? नवरा हे वाचतोय, तरी खरं सांगा.

दक्षिणायन

बरीच वर्षं जोहान्सबर्गला आहे, नामिबियाला जाणं-येणं असतं. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी 'वाळवंट' म्हणजे काय ते वेगळं करू. नामिबियात पाहुण्यांच्या वाटेवर तीन भाग येतात. एक, नामिबची लाल वाळू: सेसरीम, सोसुसव्लेई, डेडव्लेई. इथे टेकड्या आणि उजेड बघायला जायचं. प्राणी म्हणाल तर ओरिक्स, स्प्रिंगबॉक, शहामृग, कोल्हे. दोन, वायव्येचा डमारालँड आणि त्याच्या वरचा काओकोलँड: दगडधोंड्यांचं वाळवंट आणि त्यातून समुद्राकडे जाणाऱ्या कोरड्या नद्या. हुआब, उगाब, होआनिब. वाळवंटातले हत्ती, जिराफ आणि मोकळे फिरणारे काळे गेंडे या भागात. तीन, एटोशा: १९०७ साली राखीव केलेलं रान, आज २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि मधोमध मिठाचं पांढरं पात्र, जे अवकाशातूनही दिसतं. त्याच्या दक्षिण काठाने पाणवठे आहेत.

तुमचा नवरा म्हणतोय ते दुसरं. तिथला कॅम्प महाग असतो हे खरं, कारण कांद्यापासून डिझेलपर्यंत सगळं कुठून कुठून आणावं लागतं, आणि एका कॅम्पमध्ये दहा-बारा तंबूंपेक्षा जास्त बहुधा नसतात.

हत्तींचं सांगतो. ही वेगळी जात नव्हे, आफ्रिकेतला सवाना हत्तीच तो, पण पिढ्यान् पिढ्या त्या कोरड्या नद्यांत वाढलेला. कळप लहान, पायपीट मोठी, आणि कित्येक दिवस पाण्यावाचून काढायची ताकद. हुआबच्या पात्रात आमच्या वाटाड्याने इंजिन बंद केलं. समोर अ‍ॅनाचं झाड, बाभळीच्या कुळातलं, कोरड्या दिवसांत हिरवं असणारं. एका नर हत्तीने सोंड उंच करून फांदी धरली आणि गदागदा हलवली. वाळलेल्या, पिळवटलेल्या शेंगा खडखडत खाली. मागे दोन माद्या आणि एक पिल्लू थांबलेले. पिल्लू शेंग उचलायचं, सोंडेतून निसटायची, पुन्हा उचलायचं. मोठ्या मादीने त्याच्या पुढची रास एकदाही खाल्ली नाही, बाजूबाजूची खात राहिली. अर्धा-पाऊण तास हेच. आमच्या गाडीखेरीज दुसरी गाडी नव्हती.

ती मंडळी गेल्यावर वाटाड्याने पात्रातला खड्डा दाखवला. पायाने आणि सोंडेने वाळू उकरून हत्ती थांबतात, खालचं पाणी झिरपून वर येऊ देतात, मग पितात. ते गेल्यावर त्याच खड्ड्यावर पक्षी, माकडं, कोल्हे येतात. आम्ही बसलो तेवढ्यात बबूनांची टोळी आलीच.

आता मूळ प्रश्न. 'वाळवंटात प्राणी किती' यापेक्षा 'पाणी कुठे' हे विचारा. वाळवंटात प्राण्यांच्या मागे धावायचं नसतं. पाण्याजवळ बसायचं, ते येतात. सरळ एटोशाला गेलात तरी हेच.

चिंचगुळ

दक्षिणायन, साष्टांग. वाचनखूण साठवली.

टवाळ_बोका

पाण्याजवळ बसलं की सगळे येतात. आमच्या सोसायटीतही टँकर आला की हेच दृश्य.

मेतकूट

मुख्य प्रश्न कोणी विचारतच नाहीये. खायचं काय? त्यांच्याकडे संध्याकाळी निखारे पेटवून मांस भाजतात, ओरिक्सचं आणि कुडूचंही. दिवसभर ज्याचे फोटो काढले तोच रात्री ताटात. आईबाबा शाकाहारी असतील तर?

गारवेल

@मेतकूट, आई शाकाहारी. बाबा घरी शाकाहारी.

मेतकूट

'घरी शाकाहारी' :)) अशा बाबांची काळजी नको. आईंसाठी: कॅम्पला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. शिजवतात, पण त्यांच्या शाकाहारात बटाटा, भोपळा, सॅलड आणि पास्ता, रोज. सोबत भडंग, मेतकूट, कोरडी चटणी, दाण्याचं कूट आणि गरम पाणी घातलं की होणारे उपम्याचे डबे न्या. गरम पाणी कुठेही मिळतं. मेतकूट-भात खाऊन वाळवंटात जे समाधान मिळतं त्याला तोड नाही. भात तिथे मिळतो.

आणि सोसुसव्लेईहून किनाऱ्याकडे जाताना सॉलिटेअर नावाचं ठिकाण लागतं. पेट्रोल पंप, गंजलेल्या जुन्या गाड्या आणि बेकरी. तिथला अ‍ॅपल पाय खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाकडीवाट

खाण्यावरून आठवलं. स्वतः गाडी चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा. देशाच्या उत्तरेत आडवं कुंपण आहे, जनावरांच्या साथी पसरू नयेत म्हणून घातलेलं. त्याला 'रेड लाइन' म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना कच्चं मांस नेऊ देत नाहीत, नाक्यावर गाडी उघडून बघतात. उत्तरेत घेतलेलं मांस उत्तरेतच भाजून संपवायचं.

डॉ_कडूलिंब

डॉक्टर म्हणून चार शब्द.

१. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. दिवसा छान ऊन, पण पहाटे पारा शून्याच्या जवळ येतो. उघड्या गाडीत पहाटे सहाला बसायचं म्हणजे कानटोपी, हातमोजे, थर्मल. 'वाळवंट आहे, सुती कपडे पुरेत' म्हणून निघालेली मंडळी पहिल्याच सकाळी गाडीतल्या घोंगडीत गुरफटून बसतात आणि समोर काय चाललंय ते बघतसुद्धा नाहीत. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात. व्हॅसलीन न्या.

२. मलेरियाचा धोका उत्तरेत, एटोशाकडे, आणि तोही मुख्यतः पावसाळ्यात. जुलैत कमी, तरी आपल्या डॉक्टरांशी बोला. वाटेत कुठल्या देशात विमान बदलता त्यावर यलो फीव्हरची लस लागते की नाही ते ठरतं. घ्यायची असेल तर किमान दहा दिवस आधी घ्या. ती आता आयुष्यभर चालते. मात्र साठीच्या पुढे ही लस विचार करूनच देतात, म्हणून आई-बाबांसाठी आधी मार्ग ठरवा, मग तिकीट.

३. दवाखाना दूर. प्रवास विम्यात विमानाने उचलून नेण्याची सोय आहे का ते वाचून घ्या. आई-बाबांच्या गोळ्या दुप्पट, आणि दोन वेगळ्या बॅगांत.

४. गुडघ्यांपेक्षा कंबर सांभाळा. खडीचे रस्ते दिवसभर हादरवतात. डेडव्लेईला शेवटी किलोमीटरभर वाळूत चालावं लागतं, तेही आईंना हळूहळू जमेल. बिग डॅडी नावाची टेकडी तीनशे मीटरच्या वर आहे, ती लेकीला आणि नवऱ्याला सोडा.

सह्यभटक्या

डॉक्टरांच्या पहिल्या मुद्द्याला दुजोरा. आणि सेसरीमची एक गोष्ट: उद्यानाच्या आत मुक्काम असेल तर आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयाला. टेकड्यांच्या सावल्या पहिल्या तासातच असतात, त्यामुळे तो एक तास म्हणजे सगळं. फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाच किलोमीटर मऊ वाळू. त्या पाच किलोमीटरसाठी स्वतःची फोर बाय फोर असली तरी त्यांची शटल घ्या. रुतलेल्या गाड्या बघणं हा तिथला स्थानिक करमणुकीचा कार्यक्रम आहे.

रानकवडी

तंबूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या सत्तरीच्या. 'तंबू' ऐकून त्यांना वारीतली राहुटी आठवली होती. तसं नसतं. लाकडी फळ्यांच्या ओट्यावर जाड कॅनव्हासच्या भिंती, आत खरा पलंग, मागे जोडून कमोड आणि शॉवर. दिवे सौरऊर्जेवर. गरम पाणी मात्र बाहेर ठेवलेल्या लाकडावरच्या बॉयलरचं, त्याला तिथे 'डाँकी' म्हणतात. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं हा तर आपला बंब! मग रोज संध्याकाळी जाऊन त्या माणसाला लाकडं नीट लावायच्या सूचना. तो आपला हसून मान हलवायचा, भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती.

खरी गोष्ट रात्रीची. कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूपासून जेवायच्या जागेपर्यंत एकट्याने जायचं नाही, त्यांचा माणूस न्यायला-सोडायला येतो. तंबूत भोंगा ठेवलेला असतो. बूट बाहेर ठेवायचे नाहीत: एक, विंचू, दोन, कोल्हा. काळ्या पाठीचा कोल्हा चामड्याचा बूट उचलून नेतो आणि तुम्हाला तो सकाळी अर्धा मिळतो. शेजारच्या जर्मन आजोबांचा गेला. उरलेली सहल त्यांनी सपाता घालून केली.

एका रात्री तंबूच्या अगदी मागे काहीतरी ओरबाडल्याचा आवाज. मी भोंगा हातात घेऊन बसलेली. सासूबाई म्हणाल्या, 'झोप गं, म्हैस चरतीये.' सकाळी ठसे बघितले तर हत्ती. त्या गाढ झोपल्या होत्या, मी नाही.

तेव्हा आई-बाबांची काळजी सोडा. काळजी तुम्हाला वाटणार आहे, त्यांना नाही.

टवाळ_बोका

'म्हैस चरतीये'! हसून हसून टिपं आली. या सासूबाईंना माझा दंडवत पोचवा.

मृगनक्षत्र

कॅम्पवर जायचं तर आकाशासाठी जा. प्राणी बोनस. तारखा अमावास्येच्या आसपास ठेवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

जुलैत रात्री तिथे वृश्चिक थेट डोक्यावर असतो. ज्येष्ठा बघायला मान मागे टाकावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात दक्षिण क्षितिजाशी धापा टाकत येणारा त्रिशंकू तिथे चांगला उंच, शेजारी मित्र आणि मित्रक हे तारे. ध्रुव अर्थातच नाही, लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शोधत बसेल. पहाटे उठलात तर मॅगेलनचे दोन्ही मेघ साध्या डोळ्यांनी. नामिबच्या दक्षिणेकडचं नामिबरँड हे राखीव क्षेत्र २०१२ पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे, पण डमारालँडही काही कमी काळोखं नाही.

गारवेल

कॅम्पची भीती गेली. सासूबाईंचा किस्सा आईला वाचून दाखवला, ती आता भोंगा कोण वाजवणार यावर बाबांशी भांडतीये.

पण वाळवंटातल्या प्राण्यांबद्दल अजून लिहा ना. हत्ती झाले. अजून काय?

दक्षिणायन

ओरिक्स बघा, नीट बघा. नामिबियाच्या राजचिन्हावर तो उगीच नाही. भर दुपारी बाकीची जनावरं सावली शोधतात तेव्हा हा वाळूच्या धारेवर वाऱ्याला तोंड देऊन उभा असतो. शरीराचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढू देतो, म्हणजे घाम गाळून पाणी वाया घालवत नाही. मग मेंदू कसा शाबूत राहतो? नाकातून श्वास घेताना तिथलं रक्त गार होतं, आणि मेंदूकडे जाणारं गरम रक्त बारीक शिरांच्या जाळ्यातून त्या गार रक्ताला लागून वर जातं. दुर्बिणीतून बघितलं तर नाकपुड्या फुगताना दिसतात.

किनाऱ्याकडे गेलात तर धुकं. समुद्रातला बेंग्वेला प्रवाह थंड, त्यावरून येणारी हवा धुकं होऊन कित्येक किलोमीटर आत शिरते. पाऊस नाहीच, सगळा संसार त्या धुक्यावर. एक भुंगा आहे, पहाटे वाळूच्या धारेवर चढून डोकं खाली, मागचा भाग वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं दव ओघळत तोंडात. लेकीला हे आवडेल, सिंहापेक्षाही.

स्केलेटन कोस्टच्या पट्ट्यात सिंह किनाऱ्यावर सील मारून खातात. संशोधक फिलिप स्टँडर यांनी कित्येक वर्षं त्या सिंहांच्या मागे घालवली, त्यांच्यामुळे हे जगाला नीट कळलं. तो सिंह दिसेल असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पखुर्डी_प्रेमी

माझ्या नावाचा विषय निघाला नाही म्हणून मीच काढतो. एटोशाच्या पाणवठ्यावर सकाळी नामाक्वा सँडग्राउसचे थवे उतरतात. आपल्या सासवड-सोलापूरच्या माळावरच्या पखुर्डीची भावंडं. नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पिसं भिजवतो आणि तेवढं पाणी पोटाला लावून लांब घरट्यापर्यंत उडत जातो. पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी पितात. पुढच्या वेळी सगळे सिंहाकडे बघत असतील तेव्हा कडेला बघा.

कातळवेडा

अवांतर: डमारालँडला जाताय तर ट्विफेलफॉन्टेन सोडू नका. खडकावर कोरलेली हजारो चित्रं, २००७ पासून जागतिक वारसा. जिराफ, गेंडे, हत्ती आणि चक्क एक सील. समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या घरात. म्हणजे कोरणारा माणूस किनाऱ्यापर्यंत जाऊन आला असणार. आपल्या रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांत हत्ती आणि गेंडा आहेत, आणि गेंडा तर आज कोकणात नाही. दोन्ही बघितल्यावर माझं डोकं काही दिवस जागेवर नव्हतं.

ताडोबाकर

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतो. २०२४ साली दुष्काळ पडला तेव्हा नामिबिया सरकारने ७२३ जनावरं मारून लोकांना मांस वाटायचं जाहीर केलं. त्यात ८३ हत्ती होते. शिवाय तिथे पैसे घेऊन शिकारीचे परवाने देतात. आपण तिथे हत्तीचं पिल्लू बघून गहिवरायचं आणि त्याच देशाला पैसे द्यायचे, हे कसं?

दक्षिणायन

प्रश्न रास्त आहे. दुसरी बाजू मांडतो.

१९९० च्या स्वातंत्र्याआधी वायव्येत चोरटी शिकार आणि दुष्काळ यांनी गेंडे-हत्ती जवळजवळ संपवले होते. १९९६ साली कायदा बदलला: गावांनी मिळून 'कॉन्झर्व्हन्सी' स्थापायची, आणि तिथल्या वन्यप्राण्यांपासून जे उत्पन्न येईल, पर्यटनाचं आणि शिकारीचंही, ते गावाचं. आज अशा ऐंशीहून जास्त आहेत. तुमचा कॅम्प बहुधा अशाच एका जमिनीवर असेल, वाटाड्या त्याच गावचा असेल. गेंड्यांच्या मागावर पायी फिरणारे रखवालदारही स्थानिक. रात्री हत्तीने ज्याची पाण्याची टाकी फोडली त्याला हत्ती हवासा वाटायचा तर त्याच्या घरात काहीतरी यायला हवं. शिकारीचा भाग मलाही गिळवत नाही. पण तो काढला तर त्याजागी काय, याचं उत्तर जोहान्सबर्गला बसून माझ्याकडे नाही.

ताडोबाकर

टाकीचं पटलं. आमच्याकडे वाघ जंगलाबाहेर आला की पर्यटक खूश आणि गावकरी घरात कोंडलेला. सफारीचं बुकिंग मुंबईहून होतं, भरपाईचा अर्ज गावातून. गाईड आणि जिप्सीवाले सोडले तर गावात किती येतं ते बघायला या कधी. मारायच्या बाजूने मी कधीच नसेन, पण गावाच्या वाट्याचा मुद्दा मी इथेही मांडत आलोय.

चिंचगुळ

वाद घालून दोघांनीही एकमेकांचं ऐकलं? या संस्थळावर? स्क्रीनशॉट काढून ठेवते.

वाकडीवाट

चित्त्यांचं राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच. गंमत म्हणजे त्या देशातले बहुतेक चित्ते उद्यानात नाहीत, खाजगी शेतजमिनींवर आहेत, कारण उद्यानात सिंह आणि तरस त्यांची शिकार पळवतात, पिल्लं मारतात. शेतावर मग शेळ्या-मेंढ्या जातात, शेतकरी बंदूक काढतो. ओट्जिवारोंगोजवळ चीता कन्झर्व्हेशन फंड आहे, लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये काढलेला. ते शेतकऱ्यांना अनातोलियन जातीचे दांडगे राखण कुत्रे देतात. कुत्रा भुंकतो, चित्ता भांडण टाळून निघून जातो. राजधानी विंडहुकहून एटोशाला जायच्या वाटेवरच आहे, लेकीला नक्की दाखवा.

गारवेल

एवढ्या वेळात नवऱ्याने नकाशा छापून भिंतीवर लावला. पण दिवस मोजकेच आहेत. तिन्ही भाग होतात का? नाहीतर काय गाळू?

सह्यभटक्या

तिन्ही होतात, पण रोज तंबू बदलत आणि रोज चार-पाच तास खडीवर. आई-बाबांसोबत मी नाही करणार. किनारा गाळा. सेसरीमला मुक्काम, डमारालँडच्या कॅम्पला जास्त मुक्काम, मग एटोशा. आणि एटोशात ओकाउकुएजोला उद्यानाच्या आतच राहा. रात्री पाणवठ्यावर दिवे असतात, समोर दगडी भिंत आणि बाकं. गाडी नको, धक्के नकोत. आईंना शाल पांघरून बसवा, थर्मासमध्ये चहा.

आम्ही बसलो होतो तेव्हा आधी जिराफ आला. पाण्यापर्यंत येऊन उभाच. पुढचे पाय फाकवायचे, मान खाली घालायची, काहीतरी खुट्ट झालं की पुन्हा सरळ. हे इतका वेळ चाललं की शेजारच्या बाई पुटपुटायला लागल्या, 'पी रे बाबा.' त्याने तोंड लावलं आणि एकाच वेळी दोन काळे गेंडे अंधारातून आले. जिराफ पाणी न पिताच गेला. गेंड्यांचं आपापसात फुसफुसणं, मग हत्ती आले आणि गेंड्यांना बाजूला व्हावं लागलं. पाणी भरपूर होतं, तरी आधी कोण हा प्रश्न होताच.

जुलैतलं तिथलं बुकिंग लवकर संपतं, आजच बघा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एटोशात मोठा वणवा लागला होता, तेव्हा कुठले रस्ते चालू आहेत तेही विचारून घ्या.

रानकवडी

एटोशातल्याच हलालीच्या तळावर राहिलात तर कचऱ्याच्या डब्यांकडे लक्ष ठेवा. हनी बॅजर येतो, आडवा-तिडवा, कोणाला न घाबरता, आणि डबे पालथे घालतो. आमच्याकडे सिंहापेक्षा त्याचे फोटो जास्त आहेत.

धूळफेक

स्वतः गाडी चालवावी का? लायसन्स चालतं?

दक्षिणायन

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, मूळ लायसन्स सोबत ठेवा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, उजव्या हाताला स्टिअरिंग. खडीवर ऐंशीच्या वर जाऊ नका. पाहुण्यांच्या बऱ्याच गाड्या जनावरामुळे नव्हे, वळणावर खडीत घसरून उलटतात. गाडी घेताना टायरची हवा किती ठेवायची ते विचारा आणि सुटी चाकं दोन मागा. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. सूर्यास्तानंतर चालवायचं नाही, भाड्याच्या गाडीचा विमाही बऱ्याचदा ते मान्य करत नाही.

पाच माणसांत आई-बाबा आहेत म्हणून माझं मत: डमारालँडपुरता तरी वाटाड्यासह गाडी घ्या. त्या नदीपात्रात कुठे वळायचं ते नकाशावर नसतं.

गारवेल

ठरलं! किनारा गाळला. कॅम्प ठेवला. ओकाउकुएजोला पाणवठ्याजवळची खोली मिळाली, आगाऊ पैसे भरले. कॅम्पच्या दरावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण हट्ट त्याचाच होता.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता शेवटची शंका: दुर्बीण कुठली घेऊ? एक चांगली पुरेल ना?

पखुर्डी_प्रेमी

८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापट मोठं दाखवणारीचा मोह नको, गाडीत हात हलतो आणि काहीच दिसत नाही. पहाटे-संध्याकाळी ४२ ची काच बरी.

ताडोबाकर

एक पुरणार नाही. पाच माणसांत एक दुर्बीण असली की जनावर निघून जाईस्तोवर 'मला दे, मला दे' चालतं. आमच्या जिप्सीत रोज बघतो. लेकीला एक हलकी, आईंना एक वेगळी, आणि बाबांना देऊच नका. ते 'मला नको, मला दिसतंय' म्हणतील आणि नंतर सगळ्यांची मागून घेतील.

गारवेल

@ताडोबाकर, तुम्ही बाबांना ओळखता का?

टवाळ_बोका

चार घ्या. आणि बूट आत ठेवा.